पीक आले, पाककृती राहिली : सोयाबीन, जपानी स्वयंपाक आणि मराठवाडा

दसरा-दिवाळीच्या सुमारास लातूरच्या बाजार समितीच्या आवारात एक शब्द दिवसभर कानावर पडत असतो : ‘सोया’. अडतीवर, काट्यावर, हमालांच्या तोंडी आणि भावाच्या फलकावर तोच एक शब्द. नांदेडच्या नव्या मोंढ्यातही चित्र फारसे वेगळे नसते. हा शब्द मूळचा जपानी आहे याची जाणीव मात्र तो उच्चारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना असेल. जपानी भाषेत ‘शोयू’ म्हणजे सोयाबीन, गहू आणि मीठ यांपासून मुरवून काढलेला काळसर खारा रस. सतराव्या शतकात नागासाकीच्या बंदरातील देजिमा या छोट्या बेटावर डचांची वखार होती. तेथून हा रस आशियातील इतर बंदरांकडे जाऊ लागला. डचांच्या तोंडी ‘शोयू’चे ‘सोया’ झाले, इंग्रजीने ते उचलले आणि पुढे रसाचे नाव ज्या दाण्यापासून तो रस निघतो त्या दाण्यालाच चिकटले. जपानी माणूस स्वतः या दाण्याला ‘दाइझु’ म्हणतो. ‘दाइझु’ म्हणजे मोठे, थोर कडधान्य.

म्हणजे पदार्थाचे नाव घेऊन धान्य आपल्याकडे आले. पदार्थ मात्र वाटेतच राहिला. भाषेच्या इतिहासात अशी उदाहरणे पुष्कळ सापडतात. पण येथे प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा नाही. जे पीक आज लातूर-नांदेडच्या खरिपाचा कणा झाले आहे, ते त्या पिकवणाऱ्यांच्या ताटात दाण्याच्या रूपात जवळजवळ दिसतच नाही. हे असे का झाले, आणि जपानी पारंपरिक पदार्थ घरी करून पाहण्याच्या हौशी उद्योगाचा या प्रश्नाशी काय संबंध पोहोचतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दाण्याचा जपानी संसार

सोयाबीन मूळचे जपानचे नव्हे. ते चीनमधून, कोरियाच्या मार्गाने, जपानमध्ये गेले. त्यापासून केलेले पदार्थही बव्हंशी तिकडूनच आले. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यावर निर्बंध घातला. बौद्ध विचाराचा प्रभाव वाढत गेला तसतसे विहारांच्या स्वयंपाकघरात प्रथिनांसाठी कडधान्याचे महत्त्व वाढले. तोफूचा जपानमधील सर्वांत जुना लेखी उल्लेख ११८३ सालचा सांगितला जातो. नारा येथील कासुगा देवस्थानाच्या दैनंदिनीत नैवेद्याच्या यादीत तो येतो. म्हणजे हा पदार्थ जपानी इतिहासात प्रवेश करतो तोच देवापुढच्या पानातून.

झेन पंथाचा आचार्य दोगेन याने १२३७ मध्ये विहारातील आचाऱ्यासाठी ‘तेंझो क्योकुन’ हा छोटा ग्रंथ लिहिला. तांदूळ धुणे, भाजी निवडणे, भांडी जागच्या जागी ठेवणे ही कामे ध्यानाइतकीच साधनेची आहेत, असा त्याचा आशय. गंगाखेडच्या जनाबाईचे जाते ज्यांनी वाचले आहे, त्या मराठी वाचकाला ही भूमिका परकी वाटू नये. दळणकांडणात देव भेटतो हे आपल्याकडे एका दासीने सांगितले, तिकडे एका आचार्याने सांगितले. फरक असा की दोगेनच्या परंपरेने त्यातून स्वयंपाकाचे एक शास्त्र उभे केले. मांस, मासे वर्ज्य असलेल्या या विहारीय स्वयंपाकाला ‘शोजिन र्‍योरी’ म्हणतात. आपल्या मुलखातल्या शाकाहारी घराला जपानी स्वयंपाकात शिरायचे असेल तर दार आहे ते हेच.

पुढे ही विद्या विहाराबाहेर आली. १७८२ साली ओसाकात ‘तोफू ह्याकुचिन’ हे पुस्तक निघाले. त्यात केवळ तोफूच्या शंभर कृती आहेत. साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे अशी गोष्ट म्हणजे या शंभर कृतींची केलेली प्रतवारी. सामान्य, सर्वपरिचित, सुंदर, विलक्षण, अप्रतिम आणि सर्वोत्कृष्ट अशा सहा पायऱ्यांत त्या लावल्या आहेत. मम्मटाने काव्याच्या उत्तम, मध्यम आणि अवर अशा प्रती लावल्या; त्याच वृत्तीने कोणी एका पांढऱ्या, जवळजवळ बेचव वडीच्या सहा प्रती लावतो, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. समाज एखाद्या अन्नाविषयी समीक्षेची भाषा वापरू लागला म्हणजे ते अन्न त्या समाजाचे झाले, असे खुशाल समजावे. या पुस्तकाला इतका वाचक मिळाला की दुसऱ्याच वर्षी त्याची पुरवणी निघाली.

‘पारंपरिक’ या शब्दाविषयीही येथेच दोन शब्द सांगितले पाहिजेत. आज जपानी परंपरेचे प्रतीक मानला जाणारा तेंपुरा, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेली भाजी किंवा मासा, हा सोळाव्या शतकात तेथे पोहोचलेल्या पोर्तुगीजांकडून आला असे सामान्यतः मानले जाते. हे पोर्तुगीज येत होते ते गोव्याच्या वाटेने. आंजिरो नावाचा जपानी गृहस्थ १५४८ मध्ये गोव्यात येऊन सेंट पॉल महाविद्यालयात शिकला आणि १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियरबरोबर कागोशिमाला परतला, ही नोंद प्रसिद्धच आहे. ‘वाशोकु’, म्हणजे ‘जपानी जेवण’, हा शब्दसुद्धा मेजी काळात पाश्चात्त्य जेवणापासून आपले जेवण वेगळे दाखवण्यासाठी रूढ झाला. युनेस्कोने त्या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले ते २०१३ मध्ये. तात्पर्य, परक्याचे घेऊन ते आपले करणे हीच परंपरेची जुनी रीत आहे. मग जपानने चीनकडून घेतले, पोर्तुगीजांकडून घेतले, तसे आपण जपानकडून का घेतले नाही?

बडोदे आणि वर्धा : पीक नसताना पाककृती

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक विसरलेला अध्याय समोर येतो. आपण घेण्याचा प्रयत्न केला होता, आणि तोही ज्यांच्याशी मराठी माणसाचे जवळचे नाते आहे अशा दोन ठिकाणी.

बडोदे संस्थानचे अधिपती सयाजीराव गायकवाड हे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे. १९१० च्या जगप्रवासात त्यांनी जपान पाहिला होता. त्यांच्या संस्थानात अन्नाच्या पाहणीसाठी स्वतंत्र अधिकारी नेमलेला होता. हे अधिकारी एफ. एस. काळे. त्यांनी सोयाबीनवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९३६ मध्ये बडोदे सरकारच्या छापखान्यातून बाहेर पडले. आहारातील मूल्य, लागवड आणि उपयोग असे त्याचे विषय. आणि सोबत ३०० पाककृती. दाणा भारतीय शेतात जवळजवळ नसताना त्याच्या ३०० कृती लिहिणाऱ्या या माणसाचे धाडस आज वाचतानाही चकित करते.

त्याच सुमारास वर्ध्यात दुसरा प्रयोग चालू होता. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि त्याचे ठाणे मगनवाडीत बसले. १९३५ मध्ये गांधीजी तेथे राहत होते. गरिबाच्या आहारात स्वस्त आणि सकस काय घालता येईल याचा शोध हा त्या काळातील त्यांचा ध्यास. मगनवाडीच्या सामुदायिक स्वयंपाकघरात सोयाबीन शिजू लागले. ‘हरिजन’च्या त्या वर्षीच्या अंकांत त्यावर मजकूर आला आणि बडोद्याने काढलेल्या माहितीपत्रकाचीही दखल घेतली गेली.

दोन्ही प्रयोगांचा हेतू निर्मळ होता. तरी ते पुढे सरकले नाहीत. आमच्या मते याची कारणे दोन. पहिले उघड आहे : बाजारात दाणा नव्हता. जे पिकत नाही ते रोजच्या स्वयंपाकात येत नाही. दुसरे अधिक सूक्ष्म आहे. मगनवाडीत दाण्याकडे पाहिले गेले ते पोषणाच्या दृष्टीने. सोयाबीन उकडून जेवणात घातले की ४० टक्क्यांच्या आसपासची प्रथिने पोटात जातील, असा हिशेब. पण जपानने आणि चीनने हा दाणा सहसा नुसता उकडून खाल्ला नाही. त्याला दळले, गाळले, विरजले, बुरशी लावून महिनोन्महिने मुरवले. कारण हा दाणा सरळ मार्गाने वश होणारा नाही. तो पचनात अडथळा आणणारी द्रव्ये बाळगतो आणि कच्चा वाटला की उग्र वास सोडतो. त्याला रुचकर करण्यासाठी जी शतकांची कारागिरी लागली, तीच आपल्याकडच्या प्रयोगात बहुतांशी वगळली गेली. पोषण आले, चव आली नाही.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. बडोदे आणि वर्धा ही दोन्ही ठिकाणे त्याच्या सरहद्दीबाहेरची. १८७५ चे ‘सूपशास्त्र’, १९१० चे लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आणि १९७० ची कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ ही मराठी पाकपुस्तकांची ठळक परंपराही मुख्यतः पश्चिम महाराष्ट्राच्या आणि मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांशी बोलत होती. तेव्हा या चर्चेचा पडसाद गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यात उमटला नाही, यात नवल नाही.

मराठवाडा : पाककृती नसताना पीक

दाणा आला तो वेगळ्याच वाटेने. १९६० च्या दशकात जबलपूर आणि पंतनगर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने पिवळ्या सोयाबीनचे प्रयोग सुरू केले. मध्य प्रदेशात खरिपात पडीक राहणारी काळी जमीन या पिकाखाली आली. १९८६ मध्ये केंद्र सरकारने तेलबिया अभियान हाती घेतले. दाण्याचे प्रयोजन ठरून गेले. त्यातले १८ ते २० टक्के तेल काढावयाचे आणि उरलेली पेंड विकावयाची. घरातल्या चुलीचा या योजनेत विचारच नव्हता.

जबलपूरचे ‘जेएस ३३५’ हे वाण १९९० च्या दशकात प्रसारित झाले आणि विदर्भामागोमाग मराठवाड्याची शेते त्याने व्यापली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘एमएयूएस ७१’, ‘एमएयूएस १६२’, ‘एमएयूएस ६१२’ अशी वाणे दिली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची वाणे आली. पुढे कसबे डिग्रजचे ‘फुले संगम’ लोकप्रिय झाले. शेतकऱ्याने हे पीक का स्वीकारले हे समजण्यासारखे आहे. शंभर दिवसांच्या आसपास ते निघते, मागे हरभऱ्याला रान मोकळे होते, कापसाइतकी मजुरी लागत नाही आणि दसऱ्याला हातात रोकड येते. तुरीच्या डाळीसाठी नावाजलेल्या लातुरात तेलगिरण्या उभ्या राहिल्या. ‘एनएचएच ४४’ या कापसाच्या वाणाने ज्या नांदेडचे नाव शेतकऱ्यांच्या घरोघरी नेले, त्या नांदेडच्या रानातही कापसाला सोयाबीनने मागे सारले.

या प्रक्रियेत खरीप ज्वारी हटली, मूग आणि उडीद आक्रसले. येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे, कारण जे हटले ते खाण्याचे धान्य होते. ज्वारीची भाकरी, अंबील, हुरडा, घुगऱ्या, मुगाचे कढण, उडदाचे घुटे या शब्दांमागे एकेक चव आहे, एकेक ऋतू आहे. सोयाबीनमागे असा एकही मराठी शब्द उभा राहिला नाही. आमच्याकडे ‘सोयाबीनची भाजी’ म्हटले की पाकिटातल्या सोयावड्यांची भाजी समजली जाते. शेतातला दाणा गिरणीत जातो, तेल काढून घेतलेल्या पिठाच्या वड्या होतात आणि त्या दुकानातून परत घरी येतात. स्वतःच्या रानातले धान्य परक्यासारखे पाकिटातून घरात यावे, आणि त्याचे नावही त्या पाकिटावरूनच पडावे, ही स्थिती भाषेच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारी आहे.

त्याची व्यावहारिक बाजूही आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीनने क्विंटलला १०,००० रुपयांचा टप्पा ओलांडला. त्याच महिन्यात केंद्राने जनुकबदल सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीला मुभा दिली. नवा माल येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आले. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली रेंगाळत राहिला. ज्वारी पडली तर शेतकरी ती कणगीत ठेवू शकतो, खाऊ शकतो, पाहुण्याला वाढू शकतो. सोयाबीन पडले तर त्याचे काय करावयाचे? जे धान्य आपण खात नाही, ते आपल्या घरात केवळ भाव होऊन राहते. या शतकाच्या पहिल्या दशकात जपान हा भारतीय सोयापेंडीच्या प्रमुख ग्राहकांपैकी एक होता. आपण या दाण्याचे नाव जपानी पदार्थावरून घेतले आणि जपानला त्याची पेंड पाठवली, ती मुख्यतः जनावरांच्या चाऱ्यासाठी. दोन संस्कृतींमधील यापेक्षा मुकी देवघेव शोधून सापडणार नाही.

१९७० च्या दशकात शिरीष पै यांनी हायकू मराठीत आणला आणि रुजवला. तीन ओळींचा तो परका आकार आज आमचे विद्यार्थी सहज हाताळतात. तोफूला असा मराठी हात लाभला नाही. साहित्याचा अनुवाद झाला. अन्नाचा अनुवाद राहून गेला.

घरचा अनुवाद

तो अनुवाद करू म्हटले तर किती अवघड आहे? तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या मराठी अनुवादामुळे आपल्या शाळा-महाविद्यालयांत पोहोचले आहे. त्यातील मुख्याध्यापक मुलांच्या डब्यात समुद्राकडचे काही आणि जमिनीवरचे काही असावे असा आग्रह धरतात, हे वाचकांना आठवत असेल. लातूर-नांदेडच्या वाचकाची पंचाईत तेथेच होते. आपल्याकडे जमीन भरपूर आहे; समुद्र नाही. जपानी रश्शाचा पाया असलेले ‘दाशी’ हे पाणी कोंबू नावाच्या समुद्रशैवालापासून आणि सुकवलेल्या बोनिटो माशापासून करतात. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने याच कोंबूच्या पाण्यातून ‘उमामी’ ही चव वेगळी करून दाखवली. ते येथे कोठून आणावे? उत्तर पुन्हा विहारांच्या स्वयंपाकात मिळते. तेथे वाळवलेल्या शिताके अळंब्यांचे पाणी वापरतात, आणि भाजलेले सोयाबीन पाण्यात भिजवून त्याचेही दाशी करतात. म्हणजे समुद्राची उणीव काही अंशी आपल्याच रानातला दाणा भरून काढतो.

तोफूची कृती मराठी गृहिणीला सांगावी लागतच नाही. फक्त दाणा बदलून सांगावा लागतो. कुरडईसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढतात, चोथा वेगळा करतात. येथे पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवायचे, चोळून साल काढायचे, भरपूर पाणी घालून बारीक वाटायचे. उग्र वास घालवण्याची युक्ती अशी की वाटलेले लगेच विस्तवावर ठेवावे आणि ढवळत दहा-पंधरा मिनिटे चांगले उकळू द्यावे. ते उतू जाण्याची फार घाई करते, म्हणून पातेले मोठे घ्यावे. मग पंचातून गाळून पिळले की सोयाबीनचे दूध निघते. उकळीवरून थोडे निवल्यावर ते नासवायचे. जपानी पद्धतीत यासाठी ‘निगारी’ वापरतात, म्हणजे मीठ काढून घेतल्यावर उरणारे समुद्राचे कडवट पाणी. आपल्याकडे लिंबाच्या रसावर काम भागते, किंचित आंबटपणा मात्र राहतो. चोथापाणी वेगळे झाले की फडक्यात बांधून वजनाखाली दडपायचे. पाव किलो दाण्यांतून साधारण ४०० ग्रॅम तोफू मिळतो. पनीर करणाऱ्या हाताला यात नवे काही नाही.

उरलेल्या चोथ्याला जपानीत ‘ओकारा’ म्हणतात. त्यातील ‘कारा’चा ध्वनी ‘रिकामे’ या अर्थाच्या शब्दाशी जुळतो. तो अशुभ वाटू नये म्हणून त्याला ‘उनोहाना’ असे एका पांढऱ्या फुलाचे नाव दिलेले आहे. आपल्या आया तांदूळ ‘संपले’ असे म्हणत नाहीत, ‘वाढले’ म्हणतात. रिकाम्या डब्याचे भय आणि त्यावर शब्दाने घातलेली फुंकर दोन्हीकडे सारखीच. हा चोथा थालीपिठाच्या भाजणीत कालवला तर उत्तम लागतो.

‘किनाको’ तर त्याहून सोपे. सोयाबीन खमंग भाजायचे, साल पाखडायची आणि पीठ करायचे. जपानमध्ये ते साखर घालून मोचीवर भुरभुरतात. मेतकूट आणि सातूचे पीठ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्याचा वास ओळखीचा वाटेल. गुळाबरोबर ते छान जुळते. ‘एदामामे’ म्हणजे कोवळ्या शेंगा मिठाच्या पाण्यात चार-पाच मिनिटे उकडून दाणे ओठांनी काढून खाणे. तुरीच्या शेंगा उकडून खाणाऱ्या मुलखाला हे शिकवण्याची गरज नाही. भाद्रपदात आमच्या रानोमाळ या शेंगा भरतात. ज्या तुकड्यावर फवारणी झालेली नाही तेथल्याच घ्याव्यात, एवढे पथ्य. भातासाठी मावळातला इंद्रायणी घ्यावा. तो चिकटून येतो, त्याचे ‘ओनिगिरी’ म्हणजे मुटके वळता येतात. पालक उकडून त्यावर भाजलेल्या तिळाचे कूट घातले की ‘गोमा-आए’ झाले. आमच्याकडच्या तिळाच्या चटणीपासून ते दोन पावलांवर आहे.

अवघड आहे ते मिसो. त्यासाठी ‘कोजी’ लागते, म्हणजे भातावर वाढवलेली ‘अॅस्परजिलस ओरायझे’ ही पाळीव बुरशी. येथे प्रयोगशीलतेला आवर घातला पाहिजे. घरात आपोआप आलेली बुरशी चालणार नाही. तिची रानटी भावंडे अफ्लाटॉक्सिन हे घातक विष तयार करतात. बीज खात्रीचे आणि विकतचेच हवे. ही बुरशी साधारण ३० अंशांच्या आसपास सुखाने वाढते. मराठवाड्याच्या वैशाखात ४२-४३ अंशांना ती तग धरणार नाही. जपानमध्येही मिसो घालण्याचा मुख्य हंगाम थंडीचाच. आपल्याकडे पौष हा त्याचा महिना. बोटांत चुरडेल इतके मऊ शिजवलेले सोयाबीन, कोजी लावलेला भात आणि एकूण वजनाच्या १२ टक्क्यांच्या आसपास मीठ एकत्र मळून, हवा राहणार नाही असे दाबून चिनी मातीच्या बरणीत भरायचे, वर वजन ठेवायचे, दादरा बांधायचा आणि विसरून जायचे. आमच्या उन्हाळ्यात ते लवकर गडद होते. लोणचे घालणाऱ्या घराला ‘मुरणे’ हे क्रियापद समजावून सांगावे लागत नाही. मिसो म्हणजे मुरलेले सोयाबीन. त्याला याहून चांगला मराठी शब्द शोधण्याचे कारण नाही.

अनुवादाची मर्यादा

या साऱ्यातून काय साध्य होते, असे कोणी विचारील. चार प्राध्यापकांच्या घरी तोफू झाला म्हणून अडतीतला भाव वधारणार नाही, हे उघड आहे. शेतमालाच्या भावाचे प्रश्न आयात-निर्यातीच्या धोरणाने, खरेदी केंद्रांच्या संख्येने आणि शेतकऱ्याच्या संघटित ताकदीने सुटतात, पाककृतींनी नव्हे. पौष्टिकतेचा प्रचार करून गरिबाच्या ताटावर एक नवे धान्य लादावे, असेही आम्ही म्हणत नाही. मगनवाडीचा धडा तोच आहे.

पण इतिहासाकडे पाहिले तर एक विसंगती स्पष्ट दिसते. १९३० च्या दशकात आपल्याकडे पाककृती होती आणि पीक नव्हते. १९९० नंतर पीक आले, तोवर पाककृती विस्मरणात गेली होती. साठ वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टींची गाठच पडली नाही. आज प्रथमच दोन्ही एका ठिकाणी उपलब्ध आहेत. काळ्यांचे पुस्तक ग्रंथालयांत आहे, दाणा अंगणात आहे. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने पचनाला आड येणारे मुख्य द्रव्य नसलेले ‘एनआरसी १२७’ यासारखे खाण्याजोगे वाणही काढले आहे. लागते ती फक्त या दाण्याकडे अन्न म्हणून पाहण्याची नजर.

साहित्याच्या विद्यार्थ्यांकडे आमची एक मागणी आहे. मराठवाड्याच्या ग्रामीण साहित्यात ज्वारी आहे, कापूस आहे, ऊस आहे, दुष्काळ आहे. गेल्या तीन दशकांत रानाचे रूप पालटून टाकणारे हे पीक कथा-कवितेत येते तेव्हा बहुधा भाव, कर्ज आणि काढणीच्या वेळचा पाऊस या रूपातच येते. वास, चव, आठवण या रूपात ते का येत नाही, हा प्रबंधाचा विषय होऊ शकतो. आमचे उत्तर वर आले आहे : ज्याची चव नाही त्याची आठवण नाही, आणि आठवणीवाचून शब्द साहित्यात टिकत नाही. येत्या भाद्रपदात शेताकडे गेलात तर चार शेंगा उकडून पाहा. घरातल्या मोठ्यांना त्या खायला द्या आणि त्यांना काय म्हणावे असे वाटते ते विचारा. ते जो शब्द सांगतील तो टिपून ठेवा. ‘एदामामे’ला मराठी नाव अजून मिळायचे आहे.